प्रस्तावना : घाव घालणारा हात, थांबवणारा मेंदू

माणसाच्या क्षमतांची वाटणी करण्याची सवय बहुतेक विद्याशाखांना आहे. निर्णय हा बुद्धीचा, शिकणे हा स्मृतीचा आणि हालचाल हा स्नायूंचा विषय, असे धरून तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांनी आपापले प्रांत आखून घेतले, आणि शालेय पाठ्यपुस्तकांपासून वैद्यकीय ग्रंथांपर्यंत या तिन्हींची प्रकरणे वेगवेगळी पडत गेली. अभ्यासाच्या सोयीसाठी ही वाटणी उपयोगी असली, तरी मेंदूच्या रचनेला ती मान्य असल्याचे दिसत नाही. कारण मेंदूच्या मध्यभागी खोलवर असलेले काही पेशीपुंज असे आहेत, की त्यांना इजा झाली तर हालचाल बिघडते, नवी सवय लागेनाशी होते आणि दोन पर्यायांतून एक निवडण्याची रीतही बदलते. भारतीय दर्शनांपैकी सांख्यांनी पाच ज्ञानेंद्रिये आणि पाच कर्मेंद्रिये वेगळी मोजूनही मनाला मात्र दोन्ही स्वरूपांचे मानले होते. जाणणे आणि करणे यांची गाठ ज्या ठिकाणी पडते ते ठिकाण दोन्हींत धरावे लागते, ही त्यामागची दृष्टी होती. आणि त्या गाठीचा शरीरातील पत्ता शोधणे हे गेल्या सुमारे 70 वर्षांतील मेंदूविज्ञानाचे एक मोठे काम ठरले आहे. त्या कामाची ओळख करून देणे, आणि निर्णय, शिकणे व हालचाल ही एकाच क्रियेची तीन अंगे कशी आहेत हे दाखवणे, हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

या विषयाचा आरंभ प्रयोगशाळेतून करण्याऐवजी भोपाळच्या परिसरातून करण्याला सबळ कारण आहे. भोपाळच्या आग्नेयेस सुमारे 45 किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, विंध्याच्या दक्षिण कडेला भीमबेटकाच्या टेकड्या आहेत. मूळचे नीमचचे आणि पुढे उज्जैनला स्थायिक झालेले मराठी पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी 1957 साली तेथील शैलाश्रय अभ्यासकांच्या नजरेस आणले. वाकणकर स्वतः चित्रकार होते, आणि खडकावरील पुसट रेषा ओळखण्यास ती नजर त्यांच्या कामी आली. पुढे त्यांनी स्वतः आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी 1970च्या दशकात तेथे उत्खनन केले, आणि 2003 साली युनेस्कोने या स्थळाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. परिसरातील सातशेहून अधिक शैलाश्रयांपैकी अनेकांच्या भिंतींवर शिकारीची, मध गोळा करण्याची आणि रांगेत नाचणाऱ्या माणसांची चित्रे असल्यामुळे भीमबेटकाची ख्याती चित्रांसाठी झाली. परंतु मेंदूच्या अभ्यासकाला त्या चित्रांइतकेच महत्त्व त्यांच्या खाली, जमिनीच्या थरांत सापडलेल्या दगडी हत्यारांचे वाटावे असे आहे. मिश्र यांनी खणलेल्या एका शैलाश्रयात अश्युलियन परंपरेच्या, म्हणजे ठरावीक आकाराच्या हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेची फरशीवजा हत्यारे घडवणाऱ्या पुराश्मयुगीन परंपरेच्या, थरांपासून मध्याश्मयुगापर्यंतचा क्रम एकाच ठिकाणी मिळाला, आणि या हत्यारांसाठी लागणारा क्वार्ट्झाइट दगड तेथल्या तेथेच उपलब्ध होता.

अशी हत्यारे घडवणाऱ्या माणसाच्या मेंदूचा एकही अवशेष उरलेला नाही, कारण मेंदू हा शरीरातील सर्वांत मऊ आणि लवकर नष्ट होणाऱ्या अवयवांपैकी एक आहे. उरते ती फार तर त्याची पेटी. भोपाळच्या दक्षिणेस, नर्मदेच्या काठावरील हथनोरा या गावाजवळ 5 डिसेंबर 1982 रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मानवी कवटीचा वरचा भाग मिळाला. त्याच्या उजव्या बाजूवरून कवटीच्या आतल्या पोकळीचे आकारमान अभ्यासकांनी सुमारे 1155 ते 1421 घनसेंटिमीटरच्या दरम्यान असावे असे मांडले, आणि हा माणूस कोणत्या मानवजातीत मोडतो याविषयीची चर्चा अजून चालू आहे. कवटीवरून मेंदू किती मोठा होता एवढे कळते. तो काय करू शकत होता हे मात्र दगडावरून अधिक चांगले कळते. छिलका काढलेल्या प्रत्येक जागी दगडावर एक वण राहतो, एका वणाने दुसऱ्याची कड कापलेली असते, आणि त्यामुळे कोणता घाव आधी पडला व कोणता नंतर, हे जाणकाराला वाचता येते. हातकुऱ्हाड ही अशा रीतीने निर्णयांची क्रमवार नोंद आहे.

त्या नोंदीतील एकच घाव घेतला, तरी या विषयाचा सारा आवाका डोळ्यांपुढे येतो. घडवणाऱ्याला दगडाच्या कोणत्या कडेवर मारायचे हे ठरवावे लागते. मोह होणाऱ्या इतर कडा त्या क्षणी सोडून द्याव्या लागतात. मनगट, कोपर आणि खांदा यांची गती विशिष्ट जोराने व विशिष्ट कोनात सोडावी लागते. आणि निघालेला छिलका अपेक्षेपेक्षा लहान निघाला की मोठा, दगड चिरला की नेमका फुटला, हे पाहून पुढचा घाव सुधारावा लागतो. यातील पहिले दोन टप्पे निर्णयाचे, तिसरा हालचालीचा आणि चौथा शिकण्याचा, अशी नावे देता येतात, परंतु घाव घालणाऱ्यासाठी ते चार टप्पे नसतात. एक घाव दुसऱ्याला वळण देतो, ते वळण हातात मुरते, आणि काही वर्षांनी मराठीत ज्याला ‘हात बसणे’ म्हणतात ती अवस्था येते. हात बसतो म्हणजे मेंदूत नेमके काय बसते, या प्रश्नाभोवती पुढील सर्व विवेचन फिरते.

मानवी मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. त्यांपैकी सुमारे 1,600 कोटी प्रमस्तिष्काच्या बाह्यकात, म्हणजे मोठ्या मेंदूवरील घड्यांच्या पातळ आवरणात, तर सुमारे 6,900 कोटी अनुमस्तिष्कात, म्हणजे मागच्या बाजूच्या लहान मेंदूत असतात. या दोन मोठ्या वसाहतींच्या तुलनेत प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी असलेले पेशीपुंज संख्येने फारच थोडे आहेत. त्यांना एकत्रितपणे बेसल गँग्लिया, म्हणजे मेंदूच्या तळाकडच्या गंडिका, असे म्हणतात. सोयीसाठी त्यांना येथे तलगंडिका म्हटले आहे. त्यांचा सर्वांत मोठा भाग म्हणजे रेखित पिंड. त्यातून जाणाऱ्या पांढऱ्या तंतूंच्या जुडग्यांमुळे तो पट्टेदार दिसतो, म्हणून त्याला हे नाव मिळाले, आणि इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी 1664 सालच्या आपल्या मेंदूविषयक ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याच्या जवळ पांडुर गोल, खाली उपथॅलॅमिक केंद्र, आणि त्याहून खाली, मध्यमस्तिष्कात, गडद रंगामुळे कृष्णद्रव्य म्हणून ओळखला जाणारा पट्टा आहे. मेंदूच्या बाह्यकाच्या जवळजवळ प्रत्येक प्रदेशातून रेखित पिंडाकडे तंतू येतात. तेथून संदेश पांडुर गोल व कृष्णद्रव्याच्या एका भागातून थॅलॅमसकडे, म्हणजे मेंदूतील मध्यवर्ती वितरण केंद्राकडे जातो, आणि थॅलॅमसमधून पुन्हा बाह्यकाकडे परततो. म्हणजे हा मार्ग एका वर्तुळाचा आहे.

या वर्तुळाचे वैशिष्ट्य असे, की त्याचे बाहेर पडणारे दार नेहमी बंद असते. पांडुर गोलाच्या आतल्या भागातील पेशी विश्रांतीच्या काळातही सतत स्फुरत राहतात, आणि त्यांचे संदेश थॅलॅमसला दाबून ठेवणारे असतात. एखादी हालचाल घडायची असेल तर रेखित पिंडातील पेशी या दाबणाऱ्या पेशींनाच दाबतात, दाब उठतो, आणि तेवढ्यापुरता थॅलॅमस मोकळा होतो. निरोधाचा निरोध, असे या यंत्रणेचे वर्णन करता येईल. भोपाळच्या वाचकाला ही कल्पना भदभदा धरणावरून सहज समजेल. बड्या तलावात पाणी कोलांस नदीचे आणि पावसाचे येते. धरणाचे 11 दरवाजे पाणी निर्माण करत नाहीत, ते अडवून धरतात, आणि उघडला गेलेला दरवाजा मागे साचलेल्या पाण्याला वाट देतो. तसेच बाह्यकात एकाच वेळी अनेक हालचालींचे बेत तयार होत असतात, आणि तलगंडिका त्यांतील एकाला वाट देऊन बाकीचे अडवतात. उपमा येथवर उपयोगी पडते. पुढचा फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो, तो असा की धरणाचे दरवाजे पाण्याकडून काही शिकत नाहीत, आणि मेंदूतील ही दारे दर वेळच्या परिणामावरून पुढच्या वेळी कोणासाठी किती सहज उघडायचे हे शिकतात.

वाट देणारा आणि वाट अडवणारा असे दोन मार्ग रेखित पिंडातून निघतात, आणि त्यांना अनुक्रमे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष मार्ग म्हणतात. 1980च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील संशोधकांनी या दोन मार्गांची मांडणी केली, आणि तिच्यामुळे परस्परविरुद्ध दिसणाऱ्या दोन आजारांचा एकाच चौकटीत उलगडा होऊ लागला. अडवणारा मार्ग वरचढ झाला की रुग्णाच्या हालचाली मंदावतात, पाऊल उचलले जात नाही, चेहरा निर्विकार होतो; लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली वर्णन केलेला आणि मराठीत कंपवात म्हणून ओळखला जाणारा आजार या बाजूचा आहे. उलट अडवणाऱ्या मार्गातील पेशी आधी नष्ट झाल्या, की न बोलावलेल्या हालचाली शरीरातून वाहू लागतात. 1872 साली वर्णन झालेला आणि 1993 साली ज्याचे जनुक सापडले तो हंटिंग्टनचा आजार या बाजूचा आहे. दरवाजा न उघडणे आणि दरवाजा न मिटणे, अशा या दोन विपत्ती आहेत.

दोन्ही मार्गांचा तोल ज्या रसायनावर अवलंबून असतो, त्याच्या शोधाची वाट भारतातील दोन वनस्पतींच्या शेजारून जाते. मध्य भारताच्या वनांतही आढळणाऱ्या सर्पगंधेचे मूळ परंपरागत वैद्यकात उन्माद व निद्रानाशावर वापरले जात असे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जल वकील यांनी उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा अभ्यास 1949 साली ब्रिटनमधील हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे वळले. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. रिसर्पिन चेतापेशींमधील काही रासायनिक दूतांचा साठा रिता करते. स्वीडनमधील आर्विड कार्लसन यांनी 1957 साली ते सशांना दिले तेव्हा ससे निश्चल झाले, आणि एल-डोपा हे द्रव्य टोचताच ते थोड्याच वेळात पुन्हा हालचाल करू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते. तोवर डोपामिनला दुसऱ्या एका रसायनाच्या निर्मितीतील केवळ मधली पायरी समजले जात होते, आणि या प्रयोगानंतर ते स्वतंत्र चेतापारेषक, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारे रसायन, म्हणून ओळखले गेले. 1960 साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीविच यांनी कंपवाताने निधन पावलेल्यांच्या रेखित पिंडात डोपामिनची मोठी घट दाखवली, त्याच्या पुढच्या वर्षी रुग्णांना एल-डोपा देण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न झाला, आणि कार्लसन यांना 2000 साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

दुसरी वनस्पती खाजकुहिली. तिच्या शेंगेवरील कुसे अंगाला लागली की होणारी आग ग्रामीण महाराष्ट्रात आणि मध्य प्रदेशात सर्वांना ठाऊक आहे, तर तिचे बी कवचबीज या नावाने आयुर्वेदात वापरले जाते. या बियांमध्ये एल-डोपा असल्याचे मद्रासमधील दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी 1937 सालीच दाखवले होते, म्हणजे त्या द्रव्याचा मेंदूशी संबंध कळण्याच्या 20 वर्षे आधी. पुढे भारतात कंपवातावर या बियांच्या चाचण्याही झाल्या. येथे परंपरेचा गौरव करण्याइतकीच एक मर्यादा सांगणे अगत्याचे आहे: सर्पगंधा आणि कवचबीज यांचे गुण परंपरेने अनुभवातून हेरले, परंतु ते गुण मेंदूतील कोणत्या पेशींवर आणि का चालतात, हे प्रयोगाने शोधले, आणि उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी हे दुसरे ज्ञान अनिवार्य असते. रुग्णाने बिया स्वतःच्या मनाने घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

डोपामिन हे केवळ हालचालीचे वंगण असते, तर त्याची कथा येथे संपली असती. परंतु वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतील डोपामिन पेशींचे स्फुरण नोंदवले, तेव्हा एक अनपेक्षित क्रम दिसून आला. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की या पेशी जोराने स्फुरत; रसाच्या आधी दर वेळी एक खूण दाखवली, तर काही दिवसांनी त्या खुणेला स्फुरत आणि प्रत्यक्ष रसाला मात्र स्तब्ध राहत; आणि खूण दाखवूनही रस दिला नाही, तर रस येण्याच्या नेमक्या वेळी त्यांचे नित्याचे स्फुरण खाली जाई. म्हणजे या पेशी लाभ मोजत नव्हत्या. अपेक्षा आणि लाभ यांतील अंतर मोजत होत्या. 1997 साली शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांनी हे निष्कर्ष एका गणिती कल्पनेशी जोडले. ती कल्पना रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी यंत्रांना अनुभवातून शिकवण्यासाठी आधीच मांडली होती: पुढे काय मिळेल याचा अंदाज बांधावा, प्रत्यक्षाशी तो ताडून पाहावा, आणि आढळलेल्या चुकीच्या प्रमाणात अंदाज सुधारावा. जिवंत पेशी आणि संगणकासाठी रचलेले सूत्र यांचा असा मेळ विज्ञानात क्वचितच पडतो.

अंदाजातील चूक कळवणारा हा निरोप रेखित पिंडात पोहोचतो तेव्हा शिकणे घडते. तेथील बहुसंख्य पेशींवर बाह्यकाकडून येणारे तंतू आणि कृष्णद्रव्याकडून येणारे डोपामिनचे तंतू जवळजवळ टेकतात. नुकतीच वापरली गेलेली चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधील सांधा, डोपामिन वाढले तर प्रत्यक्ष मार्गात बळकट होते, आणि डोपामिन घटले तर अप्रत्यक्ष मार्गाकडे झुकाव वाढतो. हातकुऱ्हाड घडवणाऱ्याला अपेक्षेहून चांगला छिलका मिळाला, तर त्या कडेवर, त्या कोनात, त्या जोराने मारण्याची वाट पुढच्या वेळी थोडी अधिक मोकळी होते. दगड चिरला, तर ती वाट थोडी अरुंद होते. शिक्षकाने समजावून सांगितलेले नियम यासाठी आवश्यक नसतात, त्यामुळेच अनेक कारागिरांना आपले कसब शब्दांत सांगता येत नाही. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग शस्त्रक्रियेने काढून टाकल्यावर त्याला नव्या घटना आठवेनाशा झाल्या होत्या. तरीही आरशात पाहून आकृती गिरवण्याचे काम तो दिवसेंदिवस अधिक सफाईने करत गेला, आणि आपण ते पूर्वी केले आहे हे मात्र त्याला कधी आठवले नाही. ब्रेंडा मिल्नर यांनी दाखवलेल्या या विसंगतीने ‘माहीत असणे’ आणि ‘अंगवळणी पडणे’ यांचे मार्ग वेगळे आहेत हे सिद्ध केले. अंगवळणी हा मराठी शब्द स्मृतीचे स्थान अंगाच्या वळणात दाखवतो, आणि त्या वळणाची देखभाल रेखित पिंड व लहान मेंदू करतात, एवढीच भर आजचे शास्त्र त्यात घालते.

या दोघांचे काम मात्र एकसारखे नाही. एखादी गोष्ट करावी की नाही, केली तर हिताची ठरेल का, हे तलगंडिका शिकतात. ती करताना हात ठरवलेल्या जागी पोहोचला का, किती सरकला, किती उशिरा पोहोचला, हे लहान मेंदू शिकतो. पहिल्याला लाभ-हानीचा एकच आकडा पुरतो, दुसऱ्याला चुकीची दिशा आणि मापही लागते. गुजरातेतील खंबात येथे अकीकाचे मणी घडवणाऱ्या कारागिरांवर व्हॅलेंटिन रू आणि ब्लांदिन ब्रिल या फ्रेंच अभ्यासिकांनी केलेले संशोधन येथे उद्बोधक आहे. या कामात निष्णात व्हायला कित्येक वर्षे लागतात, आणि निष्णाताची ओळख एकच हालचाल दर वेळी तंतोतंत तशीच करण्यात नसून दगडाच्या जातीप्रमाणे व आकाराप्रमाणे घाव बदलण्यात असते, असे त्यातून पुढे आले. सवय म्हणजे यांत्रिक पुनरावृत्ती, हा रूढ समज अशा निरीक्षणांनी ढिला पडतो. बसलेला हात हा बदलू शकणारा हात असतो.

निर्णयाच्या बाबतीतही तलगंडिकांचे काम केवळ दार उघडण्याचे नाही, योग्य वेळेपर्यंत ते न उघडण्याचेही आहे. दोन पर्याय जवळजवळ सारखेच आकर्षक असतील तेव्हा उपथॅलॅमिक केंद्र सर्वच वाटा काही क्षण रोखून धरते, आणि त्या क्षणांत बाह्यकाला अधिक पुरावा गोळा करता येतो. कंपवाताच्या काही रुग्णांच्या याच केंद्रात बारीक विद्युत्कांडी बसवून हालचालींतील अडथळा कमी केला जातो. या उपचाराची सुरुवात 1987 साली फ्रान्समधील ग्रनोबल येथे अलीम-लुई बेनाबिड यांनी थॅलॅमसमध्ये कांडी बसवून केली होती. 2007 साली मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी असे दाखवले, की उपथॅलॅमिक केंद्रातील कांडी चालू असताना हे रुग्ण अवघड निवडीच्या वेळीही थांबत नाहीत, घाईने निवडतात. त्याआधी 2004 साली याच गटाने दाखवले होते, की औषध न घेतलेले कंपवाताचे रुग्ण वाईट परिणामांतून चांगले शिकतात आणि औषध घेतल्यावर तेच रुग्ण चांगल्या परिणामांतून अधिक शिकतात. पाऊल उचलण्यासाठी दिलेले औषध शिकण्याचा कल बदलते, आणि कंप थांबवण्यासाठी बसवलेली कांडी निर्णयाचा धीर कमी करते: निर्णय, शिकणे आणि हालचाल यांची वाटणी मेंदूला मान्य नाही, या विधानाला याहून थेट पुरावा मिळणे कठीण आहे.

भोपाळमध्ये या विषयावर लिहिताना आणखी एका पुराव्याकडे पाठ फिरवता येत नाही. 2 आणि 3 डिसेंबर 1984च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला. फुप्फुसे आणि डोळे यांवरील त्याचे घातक परिणाम जगाने पाहिले. मेंदूवरील परिणाम इतके दृश्य नव्हते, त्यामुळे त्यांची दखल कमी घेतली गेली. त्यानंतरच्या वर्षांत बाधितांच्या ज्या मानसशास्त्रीय व चेताशास्त्रीय तपासण्या प्रसिद्ध झाल्या, त्यांत दृश्य स्मृती, अवधान आणि प्रतिसादाचा वेग यांत, तसेच दोन गोष्टींची नवी जोडी लक्षात ठेवण्यात आणि हाताच्या हालचालींच्या गतीत व अचूकतेत घट आढळली. या घटीमागे वायूचा थेट परिणाम किती, प्राणवायूच्या अभावाचा वाटा किती आणि त्या रात्रीच्या मानसिक आघाताचा किती, हे वेगळे करणे सोपे नाही, आणि ती सर्व तलगंडिकांच्या खात्यावर टाकणे अशास्त्रीय ठरेल. तरीही एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. ज्याचा हात संथ झाला आणि ज्याला नवे काम शिकणे जड जाऊ लागले, त्या हातावर पोट असलेल्या माणसाची हानी क्ष-किरणाच्या चित्रात दिसत नाही, आणि म्हणून ती कमी खरी ठरत नाही. मेंदू कसा काम करतो हे समाजाने समजून घेण्याची निकड अशा अदृश्य हानीला न्याय देण्यासाठीही आहे.

या शास्त्राच्या मर्यादाही वाचकापुढे असाव्यात. प्रत्यक्ष मार्ग वाट देतो आणि अप्रत्यक्ष मार्ग अडवतो, ही मांडणी समजण्यास सोपी असली तरी 2013 साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत हालचाल सुरू होताना दोन्ही मार्ग एकाच वेळी सक्रिय होत असल्याचे दिसले; एका हालचालीला वाट देतानाच तिच्या प्रतिस्पर्धी हालचालींना अडवावे लागते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. तसेच आजच्या स्वयंसेवकांना दगडी हत्यारे घडवायला शिकवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेण्याचे जे प्रयोग डायट्रिच स्टाउट आणि सहकाऱ्यांनी केले, त्यांतून हातकुऱ्हाडीसारख्या हत्यारांना बाह्यकाच्या पुढील भागातील नियोजनाशी व भाषेशी निगडित प्रदेशांची साथ लागते असे दिसले असले, तरी आजचा मेंदू हा नर्मदाकाठच्या त्या माणसाचा मेंदू नव्हे, हे विसरून चालत नाही. याउलट तलगंडिकांची मूळ रचना मात्र फार जुनी आहे: जबडा नसलेल्या लॅम्प्रे या माशातही तिचे सर्व प्रमुख भाग सापडतात, आणि म्हणून पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत ती 50 कोटी वर्षांहून अधिक काळ टिकून आहे असे मानले जाते. पोहावे की थांबावे, हा त्या माशाचा प्रश्न आणि या कडेवर मारावे की त्या, हा हत्यार घडवणाऱ्याचा प्रश्न, दोन्ही एकाच जुन्या उंबऱ्यावर सुटत आले आहेत. माणसात बदलले ते उंबऱ्याशी येणाऱ्या बेतांचे वैपुल्य.

परिभाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. चेतापेशी, चेतासंधी, अनुमस्तिष्क असे मराठीत रुळलेले शब्द येथे तसेच ठेवले आहेत. थॅलॅमस, डोपामिन यांसारखे जगभर चालणारे शब्द देवनागरीत स्वीकारले आहेत. आणि हात बसणे, अंगवळणी पडणे यांसारखे बोलीतील शब्दप्रयोग दुय्यम न मानता शास्त्रीय आशयासाठी वापरले आहेत, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरीचे निरीक्षण त्यांत साठलेले आहे. शब्दांचा असाच एक विचारी वापर पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाने रूढ केला आहे. तेथे कंपवात असलेल्या व्यक्तीला शुभार्थी आणि तिची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात.

पुण्यात अशा शुभार्थींसाठी नृत्याचे वर्गही चालतात, आणि त्यामागील तत्त्व या विषयाचे मर्म सांगणारे आहे. स्वतःच्या मनाने सुरू करायची हालचाल तलगंडिकांच्या वर्तुळातून जाते, त्यामुळे कंपवातात तीच आधी अडखळते. परंतु जमिनीवर आखलेली रेघ, तालाचा ठोका किंवा शेजारच्याचे उचललेले पाऊल अशी बाहेरून आलेली खूण मिळाली, की बाह्यकाचे इतर प्रदेश आणि लहान मेंदू यांच्या मार्गाने तेच पाऊल उचलले जाऊ शकते. आतले दार जड झाले, तरी ताल आणि सोबत यांच्या आधाराने दुसरी वाट सापडते. भीमबेटकाच्या भिंतींवर हातात हात गुंफून रांगेने नाचणारी माणसे रंगवणाऱ्यांना मेंदूची रचना ठाऊक नव्हती. परंतु एकाचे पाऊल दुसऱ्याच्या पावलाने उचलले जाते, हे त्यांनी पाहिले होते आणि जपून ठेवण्याजोगे मानले होते. हातकुऱ्हाडीवरील वण एका माणसाच्या निर्णयांची नोंद ठेवतात, तर ती रांग हालचालीला लागणाऱ्या सोबतीची नोंद ठेवते. आणि मेंदूविज्ञानाचा उपयोग रुग्णाच्या, कारागिराच्या व शिकणाऱ्या मुलाच्या आयुष्यात व्हायचा असेल, तर या दोन्ही नोंदी एकत्र वाचाव्या लागतील.